चढली नव्हती, साखर उतरली होती

‘माझे मिस्टर 54 वर्षांचे आहेत. नऊ वर्षं झाली, डायबेटिस आहे. बीपीचीही गोळी चालू आहे. फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघतात, आम्ही भांडुपला राहतो. रोज पीत नाहीत, पण शनिवारी मित्रांबरोबर बसतात, दोन-तीन पेग होतात. डॉक्टरांनी “शक्यतो टाळा” असं सांगितलं आहे. ज्या दिवशी घेतात त्या दिवशी साखर वाढू नये म्हणून चकणा खात नाहीत आणि घरी येऊन जेवतही नाहीत. गटारीच्या रात्री साडेबाराला आले, ताट तसंच झाकून ठेवलं आणि झोपले. पहाटे साडेचारला बरळायला लागले. मला ओळखेनात, उठवायला गेले तर हात झटकला. मला वाटलं, आज जास्त झाली. रागारागाने लिंबू-मिठाचं पाणी पाजलं, डायबेटिस म्हणून साखर घातली नाही, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडले. मुलगा पहिल्या पाळीला जायला उठला तेव्हा त्याला अंथरूण ओलंचिंब दिसलं. त्याने मशीनवर साखर बघितली, 48 होती. साखरेचं पाणी पाजल्यावर अर्ध्या तासात उठून बसले आणि मलाच विचारतात, काय झालं? आता म्हणतात, यापुढे बिअर घेईन, व्हिस्की मला गरम पडते. मी काय करू? पूर्ण बंद करायला लावू का? थोडी घेतली तर चालते का? आणि त्या वेळी मी त्यांना तसंच टाकून गेले, हे मनातून जात नाही.’
— एक वाचक, भांडुप

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. त्या पहाटे तुम्ही जे केलंत ते मीही केलं आहे, आणि मी तर डॉक्टर होते. शिकत असताना कॅज्युअल्टीत रात्रपाळीला होते, तेव्हा लोकांनी एका माणसाला उचलून आणलं. तोंडाला दारूचा वास, शर्टाची बटणं उघडी, बोलणं तुटक. मी लांबूनच बघितलं आणि म्हटलं, बाकावर झोपवा, उतरली की उठेल. तिथल्या सिस्टर माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, पट्टीवर घेतला आणि ती पट्टी माझ्यासमोर धरली. साखर जवळजवळ तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या माणसाने डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत ते विचारलं. तो सकाळपर्यंत त्या बाकावर राहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही मला सोडत नाही. तेव्हापासून डायबेटिसच्या माणसाला दारूचा वास येत असला की मी आधी साखर बघते आणि मग बोलते.

तुम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ‘गोड खाऊ नका, भात कमी करा, पायांना जपा’ हे सगळं घरच्यांना सांगितलं जातं. साखर उतरलेला माणूस दारू चढलेल्या माणसासारखाच दिसतो, हे मात्र कोणी बायको-मुलांना बसवून सांगत नाही. म्हणून आज सांगते, आणि सविस्तर सांगते.

डायबेटिसमध्ये दारूचा सगळ्यात तातडीचा धोका साखर उतरण्याचा असतो. ती ग्लास हातात असताना उतरत नाही. पार्टी संपते, सगळे झोपतात, त्यानंतर उतरते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधी कधी 24 तासांपर्यंत हा धोका राहतो. तुमचे मिस्टर न जेवता साखर सांभाळत होते, आणि नेमका तिथेच घात झाला.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे मिस्टरांनाही समजावता येईल. आपण झोपलो तरी मेंदू चालू असतो. त्याला दिवसभरात साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. रात्री ते पुरवायचं काम लिव्हरचं. आधी साठवलेलं ग्लुकोज ते थोडं थोडं सोडतं, आणि साठा आटत आला की नवीन बनवतं. पण दारू पोटात गेली की लिव्हर आधी तिचा निकाल लावायला घेतं, कारण ती शरीरात कुठे साठवून ठेवायची सोय नाही. तोपर्यंत नवीन ग्लुकोज बनवण्याचं काम जवळजवळ थांबतं. ज्याला डायबेटिस नाही आणि जो पोटभर जेवला आहे, त्याचं यात सहसा काही बिघडत नाही.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. मिस्टर अकाउंट्सचे आहेत, त्यांनाही दाखवा. बारमध्ये 30 मिलीला स्मॉल म्हणतात, 60 ला लार्ज. मित्राच्या घरी कोणी मापाने ओतत नाही, तरी तीन पेग म्हणजे 180 मिली धरू, म्हणजे एक क्वार्टर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने 30 मिलीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल येतं आणि क्वार्टरमध्ये 60. लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निपटू शकतं. लिंबू चोखा, काळी कॉफी प्या, थंड पाण्याने आंघोळ करा, हा वेग वाढत नाही. म्हणजे क्वार्टरला सहा ते साडेआठ तास. साडेनऊला पहिला पेग भरला असेल, तर लिव्हर मोकळं व्हायला पहाटेचे साडेतीन ते सहा वाजतात. दुपारचा डबा एकला खाल्ला असेल, तर साडेचारला पोटात अन्न जाऊन पंधरा तास उलटले होते. साठा आटलेला, नवीन बनत नाही, आणि त्यावर गोळीचा असर चालूच.

ही गोळी कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. गोळ्यांची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. गोळीच्या नावापुढे एम1, एम2 किंवा जीपी1, जीपी2 असं काही असेल, तर तिच्यात बहुधा दोन औषधं एकत्र असतात, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही औषधं स्वादुपिंडाकडून जबरदस्तीने इन्शुलिन काढून घेतात. माणूस जेवला आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. इन्शुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही तसंच. दारू आणि रिकामं पोट यांच्याबरोबर ही औषधं आली की साखर उतरते. 48 आली होती म्हणजे मिस्टरांना यातलंच काहीतरी चालू असणार, असा माझा अंदाज आहे. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांनी एकट्याने साखर अशी उतरणं फार कमी बघायला मिळतं.

त्याच बारीक अक्षरांत वोग्लिबोस किंवा अकार्बोस हे नाव आहे का, तेही शोधा. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि त्यात पुष्कळदा वोग्लिबोस असतं. घरातली साखर आतड्यात फोडली जाऊन तिचं ग्लुकोज व्हावं लागतं, आणि हे औषध तेच काम मंद करतं. त्यामुळे असा माणूस साखर उतरून पडला तर साखरेच्या पाण्याने लवकर फरक पडत नाही. त्याला थेट ग्लुकोज पावडरच लागते. मेडिकलमध्ये मिळणारा तो ग्लुकोजचा डबा घरात असू द्या, कोणती गोळी आहे याचा विचार न करता असू द्या. वेळेला पट्टी शोधत बसायला नको.

मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी उतरत नाही, पण भरपूर दारू आणि मेटफॉर्मिन एकत्र आले की रक्तात लॅक्टिक ॲसिड साठू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं की जिवावर बेततं. किडनी किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर धोका जास्त. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, ज्या गोळीने लघवीतून साखर जाते ती, तर जास्त पिऊन उपाशी राहिलेल्या माणसाच्या रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढतात. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं सुरू होतं, आणि मशीनवर साखर मात्र फार वाढलेली दिसत नाही. त्याला हँगओव्हर समजून झोपून राहू नये. हॉस्पिटलमध्ये जाऊन कीटोन तपासायला सांगावं.

बीपीची गोळी कोणती तेही वाचाच. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या जातीची असेल तर साखर उतरताना होणारी छातीची धडधड आणि हाताची थरथर ती दाबून टाकते. घाम मात्र दबत नाही, तो येतोच. तुमच्या मुलाला ओलं अंथरूण दिसलं आणि त्याने लगेच मशीन काढलं. हे त्याला कोणी शिकवलं असेल की स्वतः सुचलं असेल, मला माहीत नाही. पण माझ्याकडून त्याची पाठ थोपटा.

आता दारू चढली आहे की साखर उतरली आहे, हे ओळखायचं कसं? खरं सांगायचं तर नुसतं बघून मलाही खात्रीने ओळखता येणार नाही. बोलणं जड होतं, पाय लटपटतात, माणूस चिडतो, हात झटकतो, ओळखत नाही. हे दोन्हीकडे होतं. साखर उतरली की त्वचा गार, चेहरा पांढुरका आणि घाम. पण मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये घाम कोणाला येत नाही? म्हणून पंखा चालू असताना बनियन आणि चादर भिजेल इतका गार घाम आला, तर त्याकडे लक्ष द्या. आणखी एक खूण तुमच्याच पत्रात आहे. दारू वेळ जाईल तशी उतरत जाते. साडेबाराला चालत घरी आलेला, जिना चढलेला, स्वतःच्या हाताने ताट झाकलेला माणूस चार तास झोपल्यावर जास्त बरळायला लागला, तर तो दारूमुळे नव्हे. मधल्या वेळात त्याने आणखी घेतलेली नाही ना? मग दुसरं काहीतरी बिघडलं आहे, आणि डायबेटिसच्या माणसात ते साखरच आहे असं धरून चालायचं.

मशीन असेल तर बोट टोचा. नसेल, किंवा मशीनच्या पट्ट्या संपल्या असतील, तर वाट न बघता ग्लुकोज द्या. साखर वाढलेली असताना चुकून तीन चमचे ग्लुकोज गेलं तर फारसं काही होत नाही. उतरलेली असताना दिलं नाही, तर झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते, माणूस जाऊ शकतो.

मशीनवर 70 च्या खाली आलं आणि माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो आहे, तर साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाजा, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, बर्फी, चॉकलेट त्या वेळी नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. साखर वर आली की मगच खरं जेवण, वरण-भात, पोळी-भाजी, निदान दूध-बिस्किटं. आणि इथे बहुतेक घरं चुकतात. माणूस उठून बसला, हसला, की सगळे निवांत झोपतात. ग्लिमेपिराइडचा असर लांब चालतो, त्यामुळे वर आलेली साखर दोन-तीन तासांनी पुन्हा घसरू शकते. त्या दिवशी दुपारपर्यंत दर दोन-तीन तासांनी मोजत राहायचं. पुन्हा घसरली तर घरी थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. पाणी नाही, साखर नाही, लिंबू तर नाहीच. ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा, मान थोडी मागे ठेवा आणि 108 ला फोन लावा. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला पहिलं वाक्य ‘डायबेटिस आहे, अमुक गोळी चालू आहे’ हे सांगा. दारूचं त्यानंतर, पण सांगा. काही घरांत ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन ठेवलेलं असतं. ते लिव्हरला साठा सोडायला लावतं. पण दारूच्या रात्री साठाच उरलेला नसतो, म्हणून ते नीट चालेलच असं नाही. त्यामुळे ते दिलं तरी 108 ला फोन लावायचाच.

आता बिअरचं. मिस्टरांना सांगा की 650 मिलीच्या साध्या बिअरच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे 60 च्या लार्ज पेगपेक्षा थोडं जास्तच. स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांची असेल तर त्याच बाटलीत 40 ग्रॅमच्या वर जातं, जवळजवळ दोन लार्ज. शिवाय तिच्यात वीसेक ग्रॅम कार्बोहायड्रेट येतात ती वेगळीच. ‘गरम-थंड’ याचा इथे काही संबंध नाही. लिव्हरला ग्रॅम कळतात, बाटली कळत नाही. रेड वाइन औषधी, ब्रँडी सर्दीला चांगली, हेही सोडून द्या.

मिसळतात कशात, याचा मात्र संबंध आहे. 200 मिली कोल्ड्रिंकमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. टॉनिक वॉटर कडवट लागतं म्हणून लोक ते सोड्यासारखं समजतात, पण त्यातही साखर असते. यातून एक मोठी फसगत होते. कोल्ड्रिंकमधून घेतलेली दारू आणि तळलेला चकणा यामुळे रात्री बाराला मशीनवर 210 दिसतं. माणूस म्हणतो, बघ, वाढलेलीच आहे, जेवलो असतो तर अजून वाढली असती. आणि पहाटे चारला तीच साखर 60 वर येते. झोपताना वाढलेली साखर रात्रभर तशीच राहील, याची दारूच्या दिवशी काही हमी नसते. काही जण तर 210 बघून इन्शुलिन दोन युनिट जास्त टोचतात. कृपा करून असं कधी करू नका.

आता मुख्य प्रश्न, पूर्ण बंद की थोडी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. माझंही मत तेच आहे. पण मी लालबाग-परळमध्ये इतकी वर्षं प्रॅक्टिस केली आहे की नुसतं ‘बंद करा’ म्हटल्यावर काय होतं ते मला माहीत आहे. माणूस पिणं बंद करत नाही, सांगणं बंद करतो. डॉक्टरलाही सांगत नाही आणि घरीही. म्हणून मी दोन वेगळी उत्तरं देते.

सध्यापुरतं उत्तर असं, की ज्या माणसाची साखर दारूनंतर 48 वर आली, त्याने डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांचा पुन्हा विचार होईपर्यंत एक थेंबही घेऊ नये. इथे ‘शक्यतो’ नाही. लिव्हरच्या तपासण्या, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), किडनी, पायांच्या नसा हे सगळं एकदा बघून घ्यायला हवं. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेले असतील, स्वादुपिंडाला कधी सूज येऊन गेली असेल, लिव्हर खराब असेल, पायांना मुंग्या-बधिरपणा असेल, किंवा साखर उतरताना काहीच जाणवत नसेल, तर त्यांच्यासाठी दारू कायमचीच संपली असं मी म्हणेन. गाडी चालवायची असेल त्या दिवशी तर प्रश्नच येत नाही.

तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टरांनी गोळी बदलली किंवा कमी केली, आणि तरीही मिस्टर म्हणाले की मला मित्रांबरोबर बसायचंच आहे, तर मग कसं, ते सांगते. अमेरिकेच्या डायबेटिस संघटनेची मर्यादा पुरुषांना दिवसाला दोन ड्रिंक आणि बायकांना एक, अशी आहे. त्यांचं एक ड्रिंक 14 ग्रॅमचं असतं, म्हणजे आपल्या व्हिस्कीचे जेमतेम 40 मिली. ही वरची हद्द आहे, आठवडाभर साठवून शनिवारी एकदम वापरायचा कोटा नव्हे. मी माझ्या पेशंटना एका बैठकीत 60 मिली, मापाने ओतलेली, पाणी किंवा साध्या सोड्यातून, यापुढे जाऊ देत नाही. आणि जेवण त्याच्या आधी किंवा बरोबर. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी हा चकणा बरा आहे, पण तो जेवणाची जागा घेत नाही. भाकरी, पोळी किंवा भात, यापैकी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. गटारीला कोंबडी-वडे असतील तर वडेही खायचे. वडे बाजूला सारून नुसता रस्सा प्यायचा नाही.

ऑफिसमधून निघून रेल्वेचे पूल चढत-उतरत, उभ्याने लोकल करून रिकाम्या पोटी बसायला जाणं, हेही साखर उतरवायला हातभार लावतं. मिरवणुकीत किंवा वरातीत तासभर नाचून मग घेणं तर आणखीच. अशा दिवशी संध्याकाळी आधी काहीतरी खाऊन घ्यायचं. झोपण्याआधी साखर मोजायची. 100 च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही, आणि 200 असेल तरी पहाटे तीनचा गजर लावून पुन्हा मोजायचं. हा गजर मिस्टरांच्या मोबाइलवर लावा. ते घेणार, तर ते उठणार. पण मोबाइल तुमच्या हाताशी ठेवा, कारण साखर उतरलेल्या माणसाला गजर ऐकू येईलच असं नाही.

दुसरी सकाळ पहिल्या रात्रीइतकीच जपायची. रविवारी उशिरा उठणं, डोकं जड, मळमळतंय म्हणून नाश्ता नको, पण गोळी मात्र सवयीने घेतली, असं फार घरांत होतं. नाश्ता पुढ्यात आल्याशिवाय ती गोळी घ्यायची नाही. उलट काही लोक ‘दारूबरोबर औषध नको’ म्हणून रात्रीची गोळी किंवा इन्शुलिन परस्पर टाळतात, तेही धोक्याचं. लहानपणापासून डायबेटिस असलेल्यांनी इन्शुलिन टाळलं तर एका दिवसात हॉस्पिटलची वेळ येते. अशा दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या.

त्यासाठी डॉक्टरला खरं सांगावं लागेल. ‘कधीतरी घेतो’, ‘सोशल ड्रिंकर आहे’ यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. शनिवारी 180 मिली, न जेवता, आणि गटारीच्या पहाटे 48, एवढं सांगायचं. मिस्टर सांगणार नसतील तर तुम्ही बरोबर जा आणि तुम्ही सांगा. मला माझ्या पेशंटच्या बायकोने अशी माहिती दिली तेव्हा मी ती चहाडी कधी समजले नाही. त्या एका आकड्यावर मी गोळी बदलली आहे.

मिस्टरांच्या लोकलच्या पासच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, ‘मला डायबेटिस आहे, बोलणं अडखळत असेल तर साखर तपासा’, आणि तुमचा व मुलाचा नंबर. ते ज्यांच्याबरोबर बसतात त्या मित्रांपैकी निदान एकाला हे सगळं माहीत हवं. प्लॅटफॉर्मच्या बाकावर मान टाकून बसलेल्या, दारूचा वास येणाऱ्या माणसाजवळ आपल्या शहरात कोणी थांबत नाही. पाकिटात चिठ्ठी असली तर निदान वाचायला काहीतरी असतं.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रातून कळली नाही. शनिवारचं शुक्रवारवर आलं आहे का? सोडायचं ठरवून दोन शनिवारही निभावले नाहीत, असं झालं आहे का? तसं असेल तर हा फक्त डायबेटिसचा विषय राहत नाही. 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फुकट बोलता येतं, तुम्हीही बोलू शकता, मिस्टरच हवेत असं नाही. दारू सोडू पाहणारे लोक एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभाही मुंबईत होतात. आणि पिणं रोजचं होऊन बसलं असेल तर एकदम हात आखडून बंद करायला लावू नका. त्यातही झटके येऊ शकतात, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

मिस्टरांशी बोलताना त्या पहाटेचं त्यांना काहीच आठवत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांच्या लेखी ते झोपले आणि जागे झाले, मधे फक्त तुम्ही चिडला होता. म्हणून ‘किती पिता’ इथून सुरू करू नका. मशीनच्या मेमरीत तो 48 चा आकडा तारीख-वेळेसकट अजून असेल. तो त्यांना दाखवा, शेजारी तासांचा तो हिशेब कागदावर मांडा, आणि मुलालाही बसवा. त्याने काय बघितलं ते त्यालाच सांगू द्या. बाप बायकोचं ऐकत नसला तरी पहिल्या पाळीला जायच्या आधी आपलं अंथरूण चाचपून बघणाऱ्या मुलाकडे पाठ फिरवणं त्याला जड जाईल.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातली घ्या. जाताना गोळ्यांच्या पट्ट्या, मशीन आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाका. ग्लुकोजचा डबा मात्र आजच आणा, आणि स्वयंपाकघरात मागच्या फळीवर न ठेवता मिस्टरांच्या उशाशी ठेवा. पट्टीमागे कोणती नावं निघाली आणि डॉक्टरांनी काय बदललं, ते मला पुढच्या पत्रात कळवा. मी वाट बघते.